भैरवीपर्यंत

आमच्या गावाला वस्तीची गाडी येते. शहरात वाढलेल्यांना हा शब्द कदाचित ठाऊक नसेल. संध्याकाळी चिपळूणच्या स्टँडवरून एसटी सुटायची, वाटेतल्या वाड्यांवर माणसं, खताच्या गोणी, बाजाराच्या पिशव्या उतरवत अंधार पडल्यावर गावात पोचायची आणि रात्री तिथेच मुक्काम करायची. ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या पडवीत झोपायचे. पहाटे तीच गाडी पहिली गाडी म्हणून माघारी निघायची. वस्तीची गाडी चुकली तर रात्र स्टँडच्या बाकावर. त्यामुळे लग्नातली शेवटची पंगत, दवाखान्यातल्या माणसाची भेट, कोर्टाची तारीख, सगळं तिच्या आत उरकायचं असे.

माझे वडील, अण्णा, गाण्याचे वेडे. चिपळुणात कुणी गवई आला की कळायचा अवकाश, दुपारच्या गाडीने निघायचे. तीन-चारदा मलाही सोबत नेलं होतं. मैफल सहाला म्हणून जाहीर व्हायची, तंबोरे जुळेपर्यंत साडेसहा, आणि आमची गाडी पावणेआठची. गवयाने डोळे मिटून आलापी सुरू केली, सभागृह शांत झालं, की नेमके तेव्हा अण्णा मनगट डोळ्यांजवळ नेऊन घड्याळ बघायचे. मग चपला हातात घेऊन, वाकून, लोकांच्या गुडघ्यांना चुकवत आम्ही दोघं बाहेर. आयुष्यात त्यांनी समोर बसून भैरवी ऐकली नाही. मैफल भैरवीने संपते आणि ती गाताना अण्णा नेहमी एसटीत असायचे. गाडी रामपूर ओलांडून मार्गताम्हान्याकडे लागली की खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "आता तिकडे भैरवी लागली असेल." आणि अगदी हळू, इंजिनाच्या आवाजाखाली, स्वतःच गुणगुणायचे.

शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीवर संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागायचा. तो ते शेवटपर्यंत ऐकत. रेडिओ बंद करून उठताना त्यांच्या चेहऱ्यावर जेवून उठलेल्या माणसाचं समाधान असे. अण्णांना जाऊन आता सोळा-सतरा वर्षं झाली.

हे सगळं आठवायला कारण झालं माझ्या मुलीचं वेड. तिचं गाणं वेगळं. इंग्लंडमधला कोल्डप्ले नावाचा चार जणांचा बँड आहे, त्यांची गाणी ती आठवीपासून ऐकते. आमचं वेळणेश्वरजवळ घरगुती निवास आहे, चार खोल्या. सीझनला सकाळी सहापासून चूल-गॅस पेटलेला असतो. मी घावन घालत असते, ती ओट्याच्या टोकाला फोन ठेवून नारळ खवत असते आणि ही गाणी चालू असतात. शब्द मला फारसे कळत नाहीत. पण चार-पाच वर्षं रोज कानावर पडलं की चाल अंगात मुरते. तव्यावर पीठ फिरवायची माझी लय त्यातल्या एका गाण्यावर कधी बसली, माझं मलाच समजलं नाही.

२२ सप्टेंबर २०२४ला, रविवारी दुपारी बाराला, तिकिटं खुली होणार होती. कार्यक्रम जानेवारीत, नवी मुंबईत. अनंत चतुर्दशी होऊन पाचच दिवस झाले होते, चाकरमानी परतले होते, घर सुनं होतं. मुलगी सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर, जाऊन बसली, कारण रेंज तिथेच चांगली. तिच्या दोन मैत्रिणी चिपळुणातून, भाचा पुण्याहून, असे चौघं एकदम लागले होते. पडद्यावर रांगेतला नंबर दिसत होता आणि तो लाखांत होता. नशीब भाच्याचं. दोन तिकिटं लागली, सगळ्यात स्वस्त, अडीच हजारांची. सगळ्यात महाग पस्तीस हजारांची होती. आमच्या चार खोल्या भर सीझनला दोन दिवस भरल्या तरी तेवढे हातात येत नाहीत.

एका तिकिटावर ती आणि दुसऱ्यावर मैत्रीण, असं मी धरून चालले होते. ती म्हणाली, "आई, तू चल. तुला सगळी पाठ आहेत."

तिकिटं झाली. जायचं-यायचं काय? इथे आमच्यासारख्यांची खरी अडचण सुरू होते आणि शहरातल्या माणसाला ती दिसत नाही. जाणं कसंही जमतं. पण कार्यक्रम रात्री दहाला संपणार, नेरूळला. त्यानंतर गुहागर तालुक्यात यायचं कसं? रात्रीची कोकणकन्या मध्यरात्रीनंतर पनवेलला येते, तिचं आरक्षण केव्हाच भरलेलं. समजा मिळालं असतं, तरी पन्नास हजारांच्या गर्दीतून वेळेत पनवेल गाठायचं म्हणजे पुन्हा तेच, शेवटच्या दोन गाण्यांना उठा. लॉजचे दर त्या तीन दिवसांत तिकिटापेक्षा वर गेले होते. मुंबईत नातेवाईक आहेत, पण विरारला. रात्री अकराला नेरूळहून विरारला निघायचं म्हणजे वेगळाच प्रवास.

डिसेंबरात मुलीच्या फोनवर एक जाहिरात आली. चिपळूणच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याने खास त्या कार्यक्रमासाठी लक्झरी सोडायचं ठरवलं होतं. गुहागर, शृंगारतळी, चिपळूण, खेड, महाड अशी ठिकाणं, प्रत्येकाची वेळ लिहिलेली. जाणं-येणं, सकाळी चहा-नाश्ता, पाण्याची बाटली, माणशी बावीसशे रुपये. आणि शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, कार्यक्रम पूर्ण संपल्यावर गाडी परत निघेल.

मी ती ओळ दोनदा वाचली. पॅकेज हा शब्द माझ्या धंद्यातला. पर्यटक विचारतात, वहिनी, पॅकेजमध्ये काय काय? मी सांगते, दोन जेवणं, नाश्ता, संध्याकाळचा चहा, मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा. खोलीपेक्षा आणि जेवणापेक्षा माणूस खरं काय विकत घेतो, हे मला इतक्या वर्षांत कळलंय. तो निर्धास्तपणा विकत घेतो. रात्री नऊला पोचलो तरी ताट वाढलेलं असेल, याचे तो पैसे देतो. त्या लक्झरीवाल्याने बावीसशे रुपयांत मला शेवटचं गाणं विकलं होतं. माझ्या मते स्वस्तात.

हीच गाडी भाद्रपदात मुंबईहून चाकरमानी घेऊन येते. एरवी अक्कलकोट-गाणगापूरच्या फेऱ्या करते. कोकणात गाडी ठरवून जाण्याची रीत जुनीच. गणपतीला मुंबईतली मंडळं अख्ख्या एसट्या बुक करतात, आणि ती लाल गाडी परळहून निघून थेट वाडीच्या तोंडाशी उभी राहते. मुंबईत शक्ती-तुऱ्याचा, म्हणजे दोन शाहिरांच्या सवाल-जवाबाचा, सामना असला की इकडून गाडी भरून माणसं जातात. आम्ही त्याच रस्त्याने, त्याच गाडीतून, वेगळ्या शाहिराला ऐकायला निघालो होतो.

१८ जानेवारी २०२५, शनिवार. सीझनचा शनिवार सोडून जाणं माझ्या जिवावर आलं होतं. दोन खोल्यांत पुण्याचं कुटुंब होतं. त्यांना आधीच सांगितलं, रात्रीचं जेवण जाऊबाई करतील. पहाटे यजमानांनी शृंगारतळीला सोडलं. थंडी चांगली होती. सव्वासहाला गाडी आली. समोरच्या काचेवर गणपतीत लावतात तशी रंगीत दिव्यांची माळ तशीच होती, चालकाने ती काढली नव्हती.

माझ्या पिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणीची चटणी आणि तिळाच्या वड्यांचा डबा. संक्रांत होऊन चारच दिवस झाले होते आणि रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतो. महाड सोडल्यावर मी उठून सगळ्या गाडीला वाटला. बेचाळीस माणसं. बहुतेक कॉलेजची मुलं, खेडचं एक डॉक्टर जोडपं, महाडला चढलेले बँकेतले एक गृहस्थ, दापोलीहून खेडपर्यंत वडापने, म्हणजे माणशी भाड्याच्या जीपने, आलेल्या दोन बहिणी. त्या मुलांनी कानातली यंत्रं काढून, वडी घेऊन, वाकून नमस्कार केला. कुणी शिकवलेलं नव्हतं. तिळगूळ हातात पडल्यावर आपोआप होतं ते.

कशेडीचा बोगदा झाल्यापासून तो घाट राहिलाच नाही म्हणायचा. पूर्वी त्या वळणांवर लिंबू चोखत बसायचो. पण माणगाव आणि इंदापूर यांनी आमचा दीड तास खाल्ला. २०११ साली या महामार्गाचं चौपदरीकरण सुरू झालं तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती. आता ती पदवीला आहे. एवढ्या वर्षांत या रस्त्यावर किती माणसं गेली, आमच्या पंचक्रोशीतलीच पाच नावं मला तोंडपाठ आहेत. त्याबद्दल मला शांतपणे लिहिता येत नाही, म्हणून इथेच थांबते.

दुपारी अडीचच्या सुमाराला नेरूळ. डी. वाय. पाटील स्टेडियम सायन-पनवेल रस्त्याला लागूनच आहे. २००८ साली पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना इथेच झाला होता, तेव्हा टीव्हीवर बघितलेलं. प्रत्यक्ष समोर उभं राहिल्यावर मान मागे टाकूनही वरचं छप्पर पुरतं दिसेना. आत जाताना सगळ्यांना मनगटात घालायला एक पांढरा पट्टा दिला. पट्ट्यावर फुगीर दिवे, बटण कुठेच नाही. पेटवणं-विझवणं आपल्या हातात नसतं, ते मंचाकडून चालतं. कार्यक्रम संपल्यावर पट्टे परत द्यायचे, म्हणजे पुढच्या गावी वापरता येतात.

आमची जागा खूप वर. मंचावरची माणसं तिथून बोटाच्या पेराएवढी. आधी तिघं जण गाऊन गेले, उन्हं अजून रेंगाळत होती. मग अंधार पडला, पावणेआठच्या सुमाराला ते चौघं आले, आणि सगळ्यांचे पट्टे एकदम पेटले.

इथे मला जरा थांबायचंय. माझ्या उजव्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या असतात, सहा. पट्टा त्यांच्या वर, कोपराकडे सरकवून घातला होता. तो लाल झाला की प्रकाश काचेतून खाली उतरायचा आणि तळहातावर विड्यासारखा रंग पडायचा. निळा झाला की बांगड्या खोल पाण्यासारख्या दिसायच्या. मी समोर बघायचं सोडून कितीतरी वेळ हातच बघत राहिले. मग मान वर केली तर समोरच्या बाजूला हजारो हात, प्रत्येकाचा तोच रंग, त्याच क्षणी. एका गाण्याला सगळं स्टेडियम पिवळं झालं. आमचा सडा भाद्रपदात दोन आठवडे असा पिवळा होतो, काळ्या कातळावर पाय ठेवायला जागा नाही इतकी फुलं. कातळावर माती किती, तर बोटभर. त्यातून एवढं उगवतं. मुलगी रडत होती, मीही रडत होते, आणि दोघींनी एकमेकींना काही विचारलं नाही.

गायक मधे मराठीतून चार शब्द बोलला. उच्चार अडखळत होते, पण आमच्या बाजूला जो ओरडा झाला तो त्या रात्रीतला सगळ्यात मोठा असावा. कुणी लांबून येऊन आपल्या भाषेत स्वागत करतो तेव्हा आपण किती लवकर विरघळतो! आणि माझं तव्यावरचं गाणं आलं. सुरुवातीचे दोनच सूर वाजले आणि माझं मनगट पीठ फिरवायला लागलं. शब्द येत नव्हते. मी मोठ्याने चाल म्हटली. शेजारचा मुलगा माझ्याकडे बघून शब्द म्हणत होता, जणू मला पुरवत होता.

मग साडेनऊ झाले असतील. माझा डावा हात उचलला गेला, मनगट डोळ्यांजवळ आलं. अगदी अण्णांसारखं. मला कळलंसुद्धा नाही मी काय करतेय. पाय खुर्चीखाली पिशवी शोधत होते. मुलीने घड्याळावर तळहात ठेवला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, गाडी थांबणार आहे."

त्यानंतरचा अर्धा तास मी पूर्ण ऐकला. आयुष्यात बाहेरच्या कुठल्याही कार्यक्रमाचा शेवटचा अर्धा तास मी असा, पाय जमिनीला सैल टेकवून, ऐकलेला नव्हता. शेवटचं गाणं झालं, रंगीत कागदाचे तुकडे हवेत उडाले, चौघांनी वाकून नमस्कार केला, दिवे लागले. लोक निघाले तरी मी बसून होते. शेवट झाल्यावर एक शांतता येते, ती वेगळीच असते. गाणं अजून हवेत आहे आणि गाणारा गेलाय. अण्णांना ही शांतता रेडिओवरच भेटली.

दहाला संपलं, कारण संपायलाच हवं होतं. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं. आजारी माणसासाठी, तान्ह्या मुलासाठी हा नियम योग्यच. पण आमच्या नमनाचं, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्याचं, त्यात काय झालं, तेही सांगायला हवं. आमच्याकडचं नमन रात्रीची जेवणं झाल्यावर उभं राहायचं. गण, गवळण, मग वग, आणि संपेपर्यंत उजाडायचं. लांबण लावायची हौस म्हणून तसं नव्हतं. बघणारी माणसं तीन-तीन वाड्या चालत आलेली, मध्यरात्री संपवलं तर ती पायवाटेने अंधारात जाणार कुठे? खेळ उजेडापर्यंत चालवला की सगळे सुखरूप घरी. माणसाला शेवटपर्यंत बसता यावं म्हणून शेवटच पहाटेला नेऊन ठेवला होता जुन्या लोकांनी. आता ध्वनिक्षेपक दहाला बंद होतो आणि म्हाताऱ्या बायका खेळातून नऊलाच उठतात, सोबतीने घरी परत जायचं म्हणून.

बाहेर पडलो. मुलीला पट्टा ठेवून घ्यायचा होता, तिने तो दोन मिनिटं हातात धरला आणि मग डब्यात टाकला. फोन कुणाचाच लागत नव्हता. गाडी ठरल्या जागी नव्हती, पोलिसांनी पुढे काढली होती. वीस-पंचवीस मिनिटं आम्ही रस्त्याच्या कडेने माणसांच्या लोंढ्यात चाललो, एकासारख्या एक शेकडो गाड्या. आणि लांबून ती दिव्यांची माळ दिसली. लाल, हिरवी, पिवळी, काचेवर लुकलुकत. चालकाने ती मुद्दाम पेटवून ठेवली होती. "एवढ्या गाड्यांत पोरं ओळखणार कशी, वहिनी?" म्हणाला.

अकरापर्यंत चाळीस माणसं आली. दोन मुलगे नव्हते. चालकाने दोनदा डोकी मोजली. साडेअकरा झाले. पुढे सहा-सात तासांचा रस्ता होता, डॉक्टर बाईंचा सकाळी दवाखाना होता, बँकेतल्या गृहस्थांना पाठीचा त्रास होता, माझे पाहुणे नाश्त्याला बसणार होते. मी वाट बघत होते की आता कुणीतरी म्हणेल, निघूया. बेचाळीस माणसांच्या गाडीत असं एक तरी माणूस असतं. कुणीच म्हणालं नाही. उलट बँकेतले गृहस्थ खाली उतरून, दोन्ही हात वर करून, रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, लांबून दिसावं म्हणून. मी उरलेल्या पुऱ्या वाटल्या. बारा वाजत आले तेव्हा दोघं पळत आले, घामाघूम, रडवेले. चुकीच्या फाटकाने बाहेर पडून उलट्या दिशेला गेले होते. त्यातला एक सारखा म्हणत होता, "आम्हाला वाटलं गाडी गेली." चालक म्हणाला, "अरे, तुम्हाला सोडून कशी जाईल?" आणि दार लावून घेतलं.

माझे डोळे तेव्हा भरून आले, आतल्या गाण्यापेक्षा जास्त. अण्णांच्या एसटीच्या ड्रायव्हरचा यात काही दोष नव्हता. त्याला वेळापत्रक होतं, पुढच्या वाड्यांवर माणसं ताटकळत होती. पण एका म्हाताऱ्यासाठी, एका भैरवीसाठी, वीस मिनिटं जरी कुणी गाडी थांबवली असती तर?

गाडीत थोडा वेळ मुलं गात होती, वडखळनंतर सगळे झोपले. मी जागी होते. शृंगारतळीला उतरलो तेव्हा सात वाजून गेले होते, आणि नमन बघून आल्यासारखं अंग जड होतं. घरी येऊन हातपाय धुतले आणि तवा ठेवला. पुण्याच्या पाहुण्यांना गरम घावन मिळाले.

२ नोव्हेंबर २०२५ला त्याच मैदानावर आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला. पावसाने सामना उशिरा सुरू झाला होता, संपायला मध्यरात्र झाली. घरच्या टीव्हीवर मुलगी बोट दाखवत होती, "आई, तिथे, त्या तिथे वर आपण होतो." आमच्या वाडीतले सगळे शेवटच्या चेंडूपर्यंत आमच्या पडवीत बसले होते. मला राहून राहून स्टेडियममधल्या माणसांची काळजी वाटत होती. एवढ्या रात्री ही सगळी घरी कशी जातील, लांबची कुणी असतील का, त्यांची गाडी थांबली असेल का.

शिमग्याला पलीकडच्या वाडीत नमन असतं. आमच्याकडच्या पाच-सहा म्हाताऱ्या आहेत, चालवत नाही, पण जायचं असतं. त्यात माझ्या सासूबाईही. त्या नऊलाच परत यायच्या, कारण वडापवाला तेवढ्यालाच थांबायचा. यंदा मी वडापवाल्याला आदल्या दिवशी घरी बोलावलं. चहा दिला, पैसे आधीच हातावर ठेवले. घड्याळात बघत त्याने विचारलं, "किती वाजता आणायला येऊ, वहिनी?"

"येऊ नको," म्हटलं. "तिथेच थांब. संपेल तेव्हा निघायचं."